कुलीन मूर्च्छा

वसंतरावांच्या व्याख्यानाचा विषय होता, 'जुन्या कादंबऱ्यांतील मूर्च्छा'. अण्णा नगरमधल्या आमच्या मराठी मंडळात वक्ता थांबल्याशिवाय जेवणाचे डबे उघडत नाहीत आणि तोवर वक्त्याची बायको पहिल्या रांगेतून उठत नाही. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही. पाळायचा कोणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाकाकू, माझ्या शेजारी होत्या. व्याख्यान छोटं आहे, लगेच जेवण, असं वसंतरावांनी सांगितल्यामुळे त्यांनी निघतानाच इन्सुलिन टोचून घेतलं होतं. तास उलटला तरी वसंतराव पहिल्याच नायिकेला शुद्धीवर आणत होते.

"पत्र आलं, मूर्च्छा! तो समोर आला, मूर्च्छा! कुलीन मनाची ही खूण. त्या कादंबऱ्यांत मोलकरणीला मूर्च्छा येत नाही, तिला नुसती घेरी येते. केवढा सूक्ष्म भेद!"

टाळ्या पडल्या. काकूंच्या कपाळावर घाम होता. हॉलमधल्या एसीमुळे मी शाल पांघरली होती.

"काकू, काही खाल्लंत?"

"ह्यांचं होऊ दे," त्या पुटपुटल्या.

मग त्या माझ्या खांद्यावर कलल्या.

"काका, थांबा! यांची साखर उतरलीय!"

"घेरी आली असेल, विद्युलता," वसंतराव माईकवरूनच म्हणाले. "बाहेर ऊन किती आहे! पाणी शिंपड."

कोणीतरी खरंच पाणी शिंपडलं. एका गृहस्थांनी कांदा मागवला. मी जेवण घेऊन आलेल्या सुंदरकडून साखर मागून घेतली. काकूंना अजून गिळता येत होतं. साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे नीट उघडले.

वसंतरावांनी घसा खाकरला. "तर आपण दुसऱ्या नायिकेकडे वळू."

"सुंदर," काकू म्हणाल्या, "दहीभात वाढ."

"अगं, दहा मिनिटं!"

"अहो, तुमच्या त्या बायकांपैकी भुकेनं कोणी पडली का?"

"भुकेनं?" वसंतराव दुखावले. "छे! त्या नायिका आहेत."

"मग चालू द्या."

पहिल्या रांगेत बसून, ताट मांडीवर घेऊन त्या जेवू लागल्या. दुसरी नायिका बेशुद्ध पडली तेव्हा काकूंनी लोणचं मागितलं. तिसरीपर्यंत मंडळाचे अध्यक्षही ताट घेऊन रांगेत उभे होते.