शकुबाईच्या घरातला कूलर

मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, खिडकीएवढा. सध्या पांढुर्ण्यात तुळशीराम मिस्त्रींच्या दुकानामागे, मोडक्या कपाटांच्या रांगेत उभा आहे. मित्रांनो, कूलरची गोष्ट ऐकायला कोणी थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यामुळे एक तरुण मुलगा गेला. म्हणून थोडा वेळ थांबा.

मला घडवले तुळशीराम मिस्त्रींनीच. मोहगावच्या शाळेतले वामन मास्तर मला पांढुर्ण्यातल्या आपल्या घरी घेऊन आले. दर उन्हाळ्याआधी मास्तर मला अंगणात काढत, तळाचा चिखल खरवडत, गवताच्या नव्या ताट्या बसवत आणि वायर बोटांनी चाचपून पाहत. पाहुणा आला की म्हणत, "बसा, आमच्या कूलरची हवा खा." तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग मास्तर वारले. त्यांच्या बायकोने, शकुबाईने, मला जिन्याखाली ढकलले. चार उन्हाळे मी तिथेच पडून होतो. उंदरांनी ताट्या पोखरल्या, तळाला गंज चढला.

तीन वर्षांपूर्वी पुढच्या खोल्या भाड्याने मागायला एक मुलगी आली. एलिशेवा झिराडकर, ठाण्याची. सौसरजवळ संत्र्याचा रस काढणाऱ्या कारखान्यात रस तपासायची नोकरी तिला लागली होती. गावातल्या चार घरांनी तिला नाव विचारून परत पाठवले होते.

"नाव तं इंग्रजी वाटते अन् आडनाव आपल्याकडचं," शकुबाई म्हणाली. "कोन लोकं तुमी?"

"यहुदी. बेने इस्राएल. मूळचे कोकणातले. तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शनिवारी आमचा घाणा बंद असायचा ना, म्हणून."

"आमी बौद्ध," शकुबाई म्हणाली. " मास्तरले नोकरी लागली तवा आमाले बी या गावात घर भेटत नोहोतं. जात पुसत अन् दार लावून घेत. तू राय बाई. सामान कवा आनतं?"

पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी एलिशेवाने काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला. काळ्या मनुकांचे शरबत केले, चपातीवर आशीर्वाद म्हटला. आमेन म्हणायला दुसरे कोणी नव्हते. ती एकटीच जेवली आणि ताट घासून ठेवले.

मग तिने फोन फिरवायला सुरुवात केली. या मावशीची ती भाची, त्या काकांचा तो पुतण्या, असे करत दोघे सापडले. नाओमी पेणकर गावातल्याच एका दवाखान्यात नर्स होती. शालोम किहीमकर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. तिघेही आपापल्या खोलीत एकटे राहत होते, आणि सणाची तारीखसुद्धा घरून फोन आल्यावर त्यांना कळत होती.

"असं एकेकटं राहून आपण सगळं विसरून जाऊ," एलिशेवा म्हणाली. "एका घरात राहूया. आणि दर शुक्रवारी दार उघडं ठेवूया. नागपूर, बैतूल, छिंदवाडा, कुठून का होईना, आपलं कोणी आलं तर त्याला जेवायला ताट असेल."

शकुबाईने एकच अट घातली. "पोट्टे समोरच्या खोलीत, पोरी मांगं." गल्लीतल्या बायका कुजबुजल्या तेव्हा तिनेच त्यांना गप्प केले.

त्या उन्हाळ्यात शालोमने मला जिन्याखालून काढले. नवा पंप बसवला, रंग दिला आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत उभे केले. मला वाटले, मास्तरांचे दिवस परत आले. शुक्रवारी कधी पाच, कधी नऊ मुले येत. मलिदा होई. पोहे, गूळ, खोबरे आणि वर पांढुर्ण्याची संत्री. सगळे माझ्यासमोर सतरंजीवर दाटीवाटीने बसत. गाणी म्हणत. हसत. घामेजलेल्या त्या चेहऱ्यांवर हवा सोडताना मला कसलाच थकवा येत नसे.

पण खिडकीजवळच्या जुन्या बोर्डाला दोनच भोके होती. माझी तिसरी तार, जिला अर्थिंग म्हणतात ती, शालोमने तशीच लोंबती सोडली. "पुढच्या रविवारी बसवतो," तो म्हणाला. कधी ड्यूटी आली, कधी पाहुणे आले.

एक दिवस नाओमीने मला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "हा करंट मारतो."

"चप्पल घालून हात लाव. काही होत नाही."

शकुबाई तेव्हा दारातच होती. "अरे शालोम, मिस्त्रीले बोलाव ना. काऊन टाळून राहिला?"

"बोलावतो मावशी. या रविवारी नक्की."

मित्रांनो, मला बोलता येत नव्हते. ती झिणझिणी हेच माझे बोलणे होते. त्यांनी ते ऐकले आणि माझ्याशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवून दिला. दोन उन्हाळे तो तिथे राहिला. घरातल्या सगळ्यांना सवय झाली.

मग गेल्या मे महिन्यात योनातान आला. बावीस वर्षांचा, इटारसीचा. वडील नव्हते. आई राहेल शाळेत शिकवत होती. आपल्या वयाचा दुसरा यहुदी मुलगा त्याने कधी पाहिलाच नव्हता. पांढुर्ण्यात नोकरी लागली म्हणून तो राहायलाच आला. आल्या आल्या दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या त्या लहानशा डबीला, त्याने हात लावला आणि बोटे ओठांना टेकवली. पहिले दोन दिवस तो काही मागायलाही लाजत होता.

"तू पाहुणा नाहीस रे," एलिशेवा त्याला म्हणाली. "हे तुझंच घर आहे."

तिसरा दिवस रविवार होता. भर दुपार. बाकीचे स्वयंपाकघरात होते. माझे पाणी संपले, आत पंप कोरडा घरघरू लागला. योनातान नुकताच न्हाऊन आला होता. त्याने ते ऐकले आणि कोणी न सांगता बादली भरून आणली. अनवाणी. फरशीवर पाणी सांडले होते. मी चालूच होतो. त्याने ओल्या हाताने माझे झाकण धरले.

मला थांबता आले नाही.

बादली पडल्याच्या आवाजाने सगळे धावले. शालोमने मेन स्विच खाली ओढला. नाओमी गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिली. मोजत होती, तीस झाले की पुन्हा एकपासून. शकुबाईने गल्लीतून रिक्षा ओढून आणली. दवाखान्यातून ती मुले परतली तेव्हा योनातान त्यांच्यासोबत नव्हता.

त्याला ठाण्याला नेऊन यहुदी दफनभूमीत पुरले. महिनाभराने राहेलबाई घरी आल्या. मला तोवर अंगणात भिंतीशी ठेवले होते. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हात मात्र लावला नाही.

"हा शॉक देतो हे कोणाला माहीत होतं?"

एलिशेवा म्हणाली, "सगळ्यांना. मलाही."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"आठवलंच नाही. तो घरातलाच वाटत होता. त्याला माहीत असेल असं धरून चाललो."

राहेलबाई म्हणाल्या, "शनिवारी रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, इथं मला कोणी पाहुण्यासारखं वागवत नाही. किती आनंदात होता." त्या पाणीही न घेता निघून गेल्या.

ते घर मग टिकले नाही. शालोमने बदली मागून घेतली. नाओमी नागपूरला गेली. शुक्रवारी येणारी मुले येईनाशी झाली. एलिशेवाने मिस्त्री बोलावून घरभर अर्थिंग करून घेतले, प्रत्येक बोर्डाला तीन भोके. शकुबाई दाराशी बसून बघत होती. म्हणाली, "हे आंधी करायचं होतं बाई." एलिशेवाने मान हलवली.

मला हातगाडीवर चढवत होते त्याच सकाळी तिचा फोन वाजला. छिंदवाड्याची कोणी मुलगी राहायला जागा विचारत होती. एलिशेवा अंगणात उभी राहून बोलली.

"जागा आहे. पण आधी ऐकून घे. या घरात एक मुलगा गेलाय, आमच्या हलगर्जीपणाने. कसा, ते सांगते. मग ठरव."

तिने सगळे सांगितले. काही वगळले नाही. हातगाडी वळली. त्या मुलीने काय ठरवले, ते मला कळले नाही.

मित्रांनो, आता तुळशीराम मिस्त्री माझा पत्रा कापणार आहेत, आणि ते बरेच आहे. तुमच्या घरातही कदाचित असे काही असेल. सैल झालेला पंखा, खचलेली पायरी, करंट मारणारा कूलर. तुम्ही त्याला सरावला असाल. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढा, तिसरी तार जोडून घ्या, पुढच्या रविवारची वाट पाहू नका. आणि कोणी नवे माणूस दारात आले, तर त्याला ताट वाढण्याआधी घरातला धोका दाखवा. आपले म्हणायची ती पहिली रीत आहे.