डावखुऱ्या खेळाडूचं कार्ड

रियाधच्या अल सुलै भागात जुन्या घरगुती सामानाची बरीच गोदामं आहेत. देश सोडून जाणारी कुटुंबं घरातलं सगळं एकगठ्ठा विकून टाकतात, आणि ते इथे येऊन पडतं. त्यांतलं एक गोदाम मोहियुद्दीनभाईंचं. ते श्रीवर्धनजवळच्या गावचे, पस्तीस वर्षं इथेच. माझा मुलगा जयदीप याच्याकडे मी सहा महिन्यांसाठी राहायला आलो, तेव्हा नातवाला अभ्यासाचं टेबल हवं होतं म्हणून आमची ओळख झाली.

टेबल मला पसंत पडलं होतं. पण किंमत सांगायच्या आधी मोहियुद्दीनभाईंनी ते उलटं केलं आणि एक पाय हलवून दाखवला.

"हा बघा मास्तर, ढिला आहे. हा खण ओढला की अर्ध्यात अडकतो. आता किंमत ऐका."

त्यांच्या दुकानाची रीतच तशी होती. आधी मालातली खोट, मग भाव. मी नाशिकला चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मला तो माणूस लगेच आवडला.

त्या दिवशी त्यांची नात अरवा एका जुन्या फ्रीजला टेकून अपूर्णांकांशी झगडत बसली होती. बारा वर्षांची, सातवीत. आई रईसा इस्पितळात नर्स, वडील जहाजावर, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती नानांच्या गोदामात असायची. मी पाच मिनिटं तिच्याजवळ बसलो, ते पुढे दर शनिवारी बसायला लागलो. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. सकाळी दहा वाजता शिकवायला कोणीतरी मूल आहे, एवढंच मला पुरत होतं.

नोव्हेंबरात अरवाच्या शाळेची अल-उलाला सहल ठरली. डोंगरात कोरलेली दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी पाहायला. खर्च बाराशे रियाल.

"अर्धे मी देईन," मोहियुद्दीनभाई म्हणाले, "अर्धे तू कमव. गोदाम समोर आहे, वस्तू पडल्यात, विकून दाखव."

"नाना, बाकी सगळ्यांचे पेरेंट्स फुल देतात!"

"मग त्यांच्या गोदामात जा."

अरवा दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागली. नानांनी तेव्हा एका अमेरिकन म्हाताऱ्याचं घर उचललं होतं. त्या सामानात तिला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. आत पत्त्यांएवढी जाड कागदाची बत्तीस कार्डं. प्रत्येकावर टोपी घातलेल्या खेळाडूचं रंगीत चित्र, मागे बारीक अक्षरांत आकडे. बेसबॉलची, सत्तर वर्षांपूर्वीची. सामानात फोटो किंवा कागद सापडले तर मालकाला विचारल्याशिवाय विकायचे नाहीत, हीही मोहियुद्दीनभाईंची रीत. त्यांनी अमेरिकेला फोन लावला. म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली, बाबांच्या लहानपणीची कार्डं आहेत, आमच्याकडे कोणाला हौस नाही, खुशाल विका. मग नानांनी तो डबा नातीला पन्नास रियालला विकला. तिला ईदीला मिळालेल्या पैशांतून. फुकट दिला नाही.

मला ती कार्डं फार आवडली. लहानपणी आम्ही च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं भाताच्या शितांनी वहीत चिकटवायचो. हे तसंच, फक्त खेळ वेगळा. आम्ही दोघांनी त्या आकड्यांवरून सरासरी काढायचा सराव केला. अरवाची अपूर्णांकांची भीती त्या डब्याने घालवली, मी नाही.

जयदीपने तिला इंटरनेटवर फोटो टाकून दिले. आठवड्यात जुबैलहून एका मराठी माणसाचा फोन आला. इंद्रनील नाव, मूळ पुण्याचा, पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनियर. शिकायला सात वर्षं ह्यूस्टनला होता, तिथे त्याला या खेळाचं आणि कार्डांचं वेड लागलं. तो म्हणाला, बाकीच्यांचे सगळे मिळून तीनशे चाळीस देईन. पण तो डावखुरा गोलंदाज आहे ना, चेंडू हातात घेऊन उभा, त्याचे कोपरे फोटोत दिसतात तसे खरंच टोकदार असतील तर त्या एकट्याचे चारशे. पुढच्या शनिवारी रियाधला येतो.

अरवाने बोटांवर हिशेब केला. सातशे चाळीस. सहल पक्की.

"सर, हे एक कार्ड तुम्ही घरी न्या," ती मला म्हणाली. "इथे डस्ट आहे, आणि एक उंदीरपण आहे. नाना म्हणतात नाही, पण आहे."

मी ते पाकिटात घालून खिशात जपून नेलं.

आता माझी गोष्ट सांगतो. कागद जपायचा म्हणजे तो प्लास्टिकमध्ये बंद करायचा, हे मी आयुष्यभर करत आलो. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका, लग्नाचा दाखला, सगळं लॅमिनेट केलेलं. शाळेत यंत्र आलं तेव्हा चित्रकलेच्या परीक्षेची प्रमाणपत्रं मी स्वतः रात्री बसून मुलांना लॅमिनेट करून दिली होती. पालक घरी येऊन आभार मानून गेले होते. त्या बुधवारी मी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला रियाधच्या जुन्या बाजारात, बत्ह्याला गेलो. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे, गोपीनाथ नावाचा तेलुगू मुलगा, लॅमिनेशनचं यंत्र तापलेलं होतं. मला वाटलं, पोरीचं एवढं मोलाचं कार्ड आपण नुसतं पाकिटात ठेवलंय.

पाच रियाल घेतले त्याने. कार्ड यंत्रातून बाहेर आलं तेव्हा इतकं चकाकत होतं की मी दुकानाबाहेर उन्हात उभा राहून दोनदा पाहिलं. शनिवारपर्यंत मी कोणाला काही बोललो नाही. अरवाला चकित करायचं होतं.

शनिवारी दुपारी इंद्रनील आला. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला मोकळा. मोहियुद्दीनभाईंनी खुर्च्या मांडल्या, बिनदुधाचा सुलेमानी चहा सांगितला. अरवाने टेबलावर पांढरं कापड अंथरून कार्डं ओळीने ठेवली होती, आणि ती नानांच्याच थाटात बोलत होती.

"काका, याला इथे पिनचं होल आहे. हे मधे फोल्ड झालंय. याच्या मागे कोणीतरी पेनने मिशी काढलीये."

"मिशी मागे? खेळाडू तर पुढे आहे."

"मागे त्याच्या मॅनेजरचा फोटो आहे, छोटासा. त्याला."

इंद्रनील मोठ्याने हसला. मग म्हणाला, "बरं, आता आपला डावखुरा?"

मी खिशातून पाकीट काढलं आणि ऐटीत त्याच्या हातात दिलं.

त्याने कार्ड बाहेर काढलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्याने ते उलटसुलट केलं, कडेच्या प्लास्टिकवरून नख फिरवलं.

"हे लॅमिनेट कोणी केलं?"

त्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी फार चुकलंय. काय चुकलंय ते अजून कळलं नव्हतं. अरवाने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या पोरीने नेटवर दोन आठवडे वाचून काढले होते. तिला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा उतरला, आणि मग तिने मान सरळ केली.

"असंच आलं होतं," ती म्हणाली. "डब्यातच असं होतं."

"फोटोत तर प्लास्टिक दिसत नव्हतं."

"फोटोत दिसत नाही ते. लाइटमुळे."

मोहियुद्दीनभाईंचा चहाचा ग्लास तोंडापर्यंत जाऊन थांबला. नात खोटं बोलतेय हे त्यांना समजलं होतं, कशासाठी बोलतेय ते समजलं नव्हतं. मला दोन्ही समजलं. आणि खरं सांगायचं तर मी एक-दोन श्वास गप्प बसलो. सत्तर वर्षांचा मास्तर एका परक्या माणसापुढे मूर्ख ठरणार होता, आणि बारा वर्षांची मुलगी त्याला वाचवत होती. गप्प बसणं सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी केलं. बुधवारी, बत्ह्यात. तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, टिकेल."

अरवा खाली बघायला लागली. इंद्रनीलने कार्ड हळूच टेबलावर ठेवलं.

"सर, तुम्ही शिक्षक होतात का हो?"

"कसं ओळखलंत?"

"माझे बाबापण शिक्षक. मी अमेरिकेला निघालो तेव्हा त्यांनी माझी डिग्री लॅमिनेट करून दिली, प्रेमाने. तिथल्या ऑफिसात बाई म्हणाली, याच्यावर शिक्का कुठे मारू? पुन्हा पुण्याहून दुसरी प्रत मागवावी लागली. दोन महिने गेले."

"मग तुम्ही वडिलांना काय म्हणालात?"

"काहीच नाही. आजही त्यांना वाटतं, ती डिग्री फ्रेम करून लावलीये मी."

मोहियुद्दीनभाई हसले, मीही हसलो, पण अरवा हसली नाही. ती म्हणाली, "काका, काढता येत नाही का ते?"

"नाही गं. उष्णतेने चिकटतं. ओढलं तर वरचा रंग त्याच्याबरोबर येतो." मग तो माझ्याकडे वळून सावकाश सांगायला लागला, जसं मी वर्गात सांगितलं असतं. जुन्या कार्डाची किंमत त्याच्या कागदात असते. कोपरे, कडा, बोटाला लागणारा खडबडीतपणा. सत्तर वर्षं ते कसं राहिलं हे बघायचं असतं, आणि प्लास्टिकच्या आत ते बघता येत नाही. "संग्राहक आता याला हात लावणार नाहीत. मीही नाही घेणार, खोटं कशाला बोलू."

खोटं हा शब्द आल्यावर अरवाचे कान लाल झाले. मोहियुद्दीनभाई आता बोलले, पण आवाज न चढवता.

"काय गो अरवा, मिशी दाखवलीस, होल दाखवलंस, आणि सगळ्यांत मोठी खोट लपवलीस?"

"नाना, सरांना वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं. मास्तर आहेत, मरणार नव्हते."

"सॉरी काका," ती इंद्रनीलला म्हणाली.

त्याने बाकीची एकतीस कार्डं एकेक करून पाहिली आणि ठरलेले तीनशे चाळीस दिले. एक रियालही कमी केला नाही. मिशीवालं कार्ड त्याने वेगळ्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाला, हे मी विकणार नाही. मग जुबैलचा रस्ता लांबचा म्हणून निघून गेला.

आम्ही तिघं आणि एक कार्ड उरलो. सहाशेला दोनशे साठ कमी होते आणि पैसे भरायची मुदत सोमवारी होती. अरवा काही मागत नव्हती. कापडाची घडी घालत होती, फार बारीक घडी.

"मोहियुद्दीनभाई," मी म्हटलं, "तुमच्या गोदामात गिऱ्हाइकाच्या हातून वस्तू फुटली तर काय करता?"

"वस्तू त्याची, पैसे आमचे."

"मग हे कार्ड माझं. चारशे रियाल."

"छे छे! मास्तर, तुम्ही पोरीला महिनाभर फुकट शिकवता..."

"तुम्हाला नाही विचारलं. माल तिचा आहे."

अरवाने घडी बाजूला ठेवली. "सर, चारशे नको. मला टू सिक्स्टीच कमी पडतायत."

"विकणाऱ्याला किती गरज आहे त्यावर भाव ठरत नाही. वस्तू मोडली त्या दिवशी तिची किंमत काय होती त्यावर ठरतो."

"पण काकांनी बार्गेन केलं असतं! साडेतीनशेच दिले असते."

"बाकीच्यांवर केलं का त्याने?"

नाना मजा बघत होते. "मास्तर, मी पस्तीस वर्षं धंदा करतोय," ते म्हणाले, "घेणारा भाव चढवतोय आणि विकणारी उतरवतेय, असं गिऱ्हाईक आज पाहिलं."

"ओके," अरवा म्हणाली. "चारशे. पण लॅमिनेशनचे पाच रियाल तुम्ही माझ्या कार्डावर खर्च केले. ते मायनस."

"ते मी तुला न विचारता केले. ते माझे गेले."

"सर, प्लीज. नाहीतर मी विकणारच नाही."

मी पाहिलं, ती अडून बसली होती, आणि डोळे पुन्हा चमकत होते. "बरं. तीनशे पंचाण्णव. खलास."

"खलास," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मी पैसे मोजून दिले. तिने सहाशे वेगळे करून नानांकडे दिले. उरलेले एकशे पस्तीस तिचे स्वतःचे होते. त्यांतले पन्नास डब्याचे भांडवल म्हणून तिने बाजूला ठेवले, ते मी न सांगता.

"सर, अल-उला इथून किती लांब आहे?"

"असं विचारायचं नसतं. मोजायचं."

गोदामात कुठल्याशा ऑफिसातून आलेला अरबस्तानाचा मोठा नकाशा होता. मोहियुद्दीनभाईंनी तो दोन सोफ्यांवर पसरला. अरवाने पट्टी लावली. "नऊ सेंटिमीटर. एकाला शंभर. नाइन हंड्रेड!"

"बस पट्टीवरून जाते का?"

तिने रस्त्याची लाल रेघ पाहिली, थोडा विचार केला, आणि जुन्या पडद्याचा एक दोरा ओढून काढला. तो ती रस्त्याच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत गेली, जीभ दातांत धरून. मग दोरा सरळ करून पट्टीवर धरला.

"जवळजवळ अकरा. अकराशे किलोमीटर! नाना, बारा तास लागतील!"

"बसमध्ये उलटी होते हिला," मोहियुद्दीनभाई मला म्हणाले.

"नाना! थर्डमध्ये होते मी तेव्हा!"

"मग आता काय होतं ते तिथून फोन करून सांग," ते म्हणाले, आणि सहाशेत स्वतःचे सहाशे घालून नोटा पाकिटात ठेवायला लागले.