एकतीस किलोचं मेंढरू

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी सुई, एवढाच माझा संसार. आकड्याला जे अडकवाल त्याचं वजन मी सांगतो, आणि खरंच सांगतो. या खरेपणाचा मला भारी अभिमान होता. गेल्या उन्हाळ्यात मात्र मला असा हादरा बसला, की तो अभिमान पार उतरला.

माझा जन्म सांगलीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी उंब्रजला हंबीररावांच्या गुऱ्हाळावर गेलो. गुळाच्या ढेपा माझ्या आकड्याला लागायच्या. सगळ्या एकाच मापाच्या साच्यातल्या, त्यामुळे कुठलीही ढेप लावा, माझी सुई जवळजवळ त्याच रेघेवर थांबायची. हंबीरराव चार ढेपा तोलून अख्ख्या थप्पीचा अंदाज सांगायचे आणि तो कधी चुकत नसे. आल्यागेल्याला ते म्हणायचे, "ह्यो काटा म्हंजी देवमाणूस हाय गड्या!" मी फुगून जायचो. त्यांचा अंदाज बरोबर येतो तो केवळ माझ्या खरेपणामुळे, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

पुढे आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि मी चिपाडांच्या ढिगाशेजारी गंजत पडलो. कुणी ढुंकून पाहीना. आटपाडीकडचे जोतीराम दरवर्षी मेंढरं घेऊन यायचे आणि खतासाठी ती हंबीररावांच्या रानात बसवायचे. एका वर्षी ते परत निघाले तेव्हा हंबीररावांनी मला त्यांच्या हाती ठेवलं. अशा रीतीने मी गूळ सोडून मेंढरांत आलो.

तिथे मी बाभळीच्या फांदीला लटकायचो, पण रोज नाही. व्यापारी आला की माझी आठवण व्हायची. मग जोतीरामांचा धाकटा भाऊ बिरदेव कळपातून दांडगी, भरल्या अंगाची मेंढरं ओढून आणायचा. रोडावलेली आणि लहान कोकरं मागे जाळीच्या कुंपणात, वाघरीत, राहायची. काट्याला लावायचं ते नजरेत भरणारं, ही त्या घरची रीतच होऊन गेली होती. त्यात वावगं काही नव्हतं. कोण आपला माल वाईट दाखवील?

गेल्या उन्हाळ्यात कळपाला जंत झाले. जनावरांचे डॉक्टर धैर्यशील औषधाची बाटली देऊन बजावून गेले की हे जहाल आहे, ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणेच पाजा. जोतीरामांची मुलगी प्रांजल इस्लामपूरला संख्याशास्त्र शिकते. ती सुट्टीला घरी आली होती.

"एवढी मेंढरं तोलायची?" बिरदेव कपाळाला हात लावून म्हणाला. "धरता धरता कंबरडं मोडंल की माजं."

"सगळी कशाला, नाना?" प्रांजल हसली. "थोडी तोलायची, त्यांची सरासरी काढायची. त्यावरून सगळ्या कळपाचा अंदाज बांधायचा. जे तोललं त्याचं वर्णन आन् न तोललेल्याचा अंदाज, आमचं शास्त्र म्हंजी हेच."

मला तर हंबीरराव आठवले. मी मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे.

"मग आणतो ईसभर," म्हणून बिरदेव गेला. आणि काटा निघालाय म्हटल्यावर सवयीने त्याचे हात दांडग्या मेंढरांकडेच गेले. जोतीरामांनीही दोन मेंढे स्वतः निवडून दिले. मी एकेकाचं वजन सांगत गेलो. एकदाही चुकलो नाही. सरासरी आली एकतीस किलो. प्रांजलने औषधाची पिचकारी सगळ्यांसाठी एकदाच एकतीस किलोच्या मापावर लावून दिली.

कोकरं हाताला लगेच सापडतात म्हणून बिरदेवने त्यांच्यापासून सुरुवात केली. पहिलं होतं राणीवहिनींचं. राणीवहिनी म्हणजे प्रांजलची आई. आई मेलेली दोन जुळी कोकरं त्यांनी बाटलीने दूध पाजून जगवली होती. त्यातल्या एकाला औषध पाजलं, मग शेजारच्या दोघांना. चौथं धरेपर्यंत पहिल्याच्या तोंडाला फेस आला. पाय लटपटले. ते मातीत कोसळलं आणि थरथरू लागलं.

"आगं आय गं! काय झालं ह्याला?" राणीवहिनी धावल्या.

"थांबा नाना! पाजू नका!" प्रांजल किंचाळली. तिने ते कोकरू उचललं, पोत्याच्या झोळीत घातलं आणि माझ्या आकड्याला अडकवलं.

मित्रांनो, माझी सुई नऊवर थांबली.

नऊ! प्रांजल माझ्याकडे बघतच राहिली. एकतीस किलोचं औषध नऊ किलोच्या जिवाला! मीही सुन्न झालो. मी सकाळपासून एक शब्द खोटा बोललो नव्हतो. प्रांजलची बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. सगळं खरं असताना एवढं मोठं खोटं आलं कुठून?

डॉक्टर गाडी उडवत आले. त्यांनी दोन कोकरं वाचवली. राणीवहिनींचं कोकरू त्यांच्या मांडीवरच गेलं.

जोतीराम लेकीपाशी येऊन बसले. मग म्हणाले, "पोरी, तुजी एकलीची चूक न्हाई. आमीच चांगली चांगली काढून दिली."

"मी तरी कुठं विचारलं, आबा? कुठनं आणली, कशी निवडली, काय बी विचारलं न्हाई." ती हुंदके देत होती. "आन् तोलायला घेतलेला नमुना नीट असता तरी काय? नऊ किलोचं बी हाईत, पन्नासचं बी हाईत. सगळ्यांना एकच माप कसं चालंल? माझा आकडा आता नकोच. डॉक्टरांनाच काय ते करू द्या."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुऱ्हाळावर साचा एक होता, म्हणून चार ढेपा थप्पीचं सांगत होत्या. मेंढरं काही साच्यातून निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीवहिनी आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. कडेवर मेलेल्या कोकराचं जुळं भावंड होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने ते झोळीत घालून मला अडकवलं आणि पिचकारी लेकीपुढे धरली.

"बघ ह्याचं किती भरतंय. मग पाज."

"आय, मी नको गं..."

"तूच पाज. काल तू ह्याला बघितलंच नव्हतंस. आज बघून पाज."

सुई आठवर थांबली. प्रांजलने माप पुन्हा पुन्हा तपासलं आणि औषध पाजलं. कोकराने तोंड वेडंवाकडं केलं, कान फडफडवले आणि राणीवहिनींच्या लुगड्यात तोंड खुपसून दूध शोधू लागलं. मग बिरदेवने न कुरकुरता एकेक करून सगळा कळप माझ्यापाशी आणला. रोडकी, लंगडी, गाभण, सगळी आली. मला इतकं काम आयुष्यात पडलं नव्हतं.

मित्रांनो, सरासरी जरूर काढा. पण आधी विचारा, कुणाला तोललं आणि वाघरीत कोण राहिलं? हलकं किती आणि जड किती, तेही बघा. त्या दिवशी अख्खा कळप माझ्या आकड्याला लागला. त्यात नेमकं एकतीस किलोचं मेंढरू एकही निघालं नाही.