काहींची गैरसोय

मामाने फोन डाव्या कानाला लावला. उजव्या बाजूच्या छोट्या स्पीकरमधून संगणक बोलत होता. बोलत कसला, सुटलाच होता! शेजारी स्टुलावर बसलेल्या भाचीला त्या चिवचिवाटातलं एक अक्षर कळेना. मामा मात्र पाणीपुरवठ्याच्या तक्रारी भराभर टिपत होता आणि मध्येच कुणा आजींना "येईल हो पाणी, घाबरू नका" असा धीरही देत होता.

मामाला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्याचा प्रोग्राम भाची आणि तिच्यासारखे दहाबारा जण फावल्या वेळात लिहितात. तो कुणीही उघडून पाहावा, हवा तसा बदलावा. कचेरीचा तक्रारींचा प्रोग्राम मात्र एका कंपनीचा, कुलूपबंद. असले बंद प्रोग्राम आपण वाचून दाखवायचेच कशाला, यावरून या मंडळींत सध्या चांगलीच जुंपली होती. संध्याकाळपर्यंत मत द्यायचं होतं. 'वाचणं थांबवा' म्हणणाऱ्यांत भाची सगळ्यांत पुढे. पण एकदा डोळ्यांनी बघावं तरी, असं तिच्या मनाने घेतलं आणि मताबद्दल चकार शब्द न काढता ती इथे येऊन बसली.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "मामा, हे सुरू करताना आमची सूचना येते ना रे?"

"येते की, रोज सकाळी!" मामाने वेग कमी करून ती ऐकवली. 'हा प्रोग्राम बंदिस्त आहे. आत काय चालतं ते कुणालाही पाहता येत नाही.'

"कुणालाच नाही म्हणे!" मामा खो खो हसला. "म्हणजे तिथे सगळे माझ्यासारखेच."

भाचीलाही हसू आलं आणि मागोमाग लाज वाटली. ती सूचना तिनेच लिहिली होती.

"आणि समजा, आपला प्रोग्राम हे वाचेनासा झाला तर?"

"तर काय! साहेब भला माणूस आहे. निरोप समारंभ झकास करेल."

"दुसरा एखादा वाचणारा?"

"विकतचा आहे. साहेबांनी दोनदा मागितला, वरून नाही म्हणाले."

मामाने पुढची तक्रार उघडली, पण ऐकली नाही.

"ठमाबाई, तुमच्या चर्चा उघड्यावर असतात ना?"

"हो. कुणीही वाचाव्यात म्हणून."

"वाचतो मी, जेवणाच्या सुट्टीत. तू फार मुद्देसूद लिहितेस हो." मग तिचंच वाक्य त्याने जसंच्या तसं म्हटलं, "काहींची गैरसोय होईल, पण इलाज नाही."

भाचीने स्टूल त्याच्याजवळ ओढलं.

"मामा, अरे, आपणच त्या कंपन्यांना पायघड्या घालतो. आपण वाचणं थांबवलं तर कधीतरी त्यांना कुलूप काढावंच लागेल."

"खोटं नाही ते. मलाही कुलूप आवडत नाही. भांडत नाहीये मी." तो म्हणाला. "फक्त त्या 'काहीं'मध्ये मी कुठे बसतो, ते शोधत होतो."

मग खुर्ची सोडून तो उठला. "बस इथे. मत द्यायचं राहिलंय ना तुझं?"

भाची बसली. तिने चर्चेचं पान उघडलं. मग 'माझे मामा' एवढं तिने लिहिलं आणि संगणकाने ते लगेच मोठ्याने म्हणून दाखवलं. मामाने चाचपत स्पीकर शोधला, त्याचा आवाज पार बंद केला.

"निवांत लिही," तो म्हणाला. "मी उद्या वाचेन, सगळ्यांबरोबर."