पहारा कुणी लावला

बिरदेवाच्या देवळापुढं खुटबावचा निम्मा गाव बसला होता. तो आपलं तोंड बंद करायला जमलाय, हे गिताबाईला पक्कं ठाऊक होतं.

तिचा पप्पू यवतजवळ हायवेच्या कडेला मोटरसायकलची चेन बसवत होता. कामगारांची बस सकाळच्या उन्हात सरळ त्याच्या अंगावर आली. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. ड्रायव्हर शंभू झोपेत होता. धडकेनं तो जागा झाला, पप्पू गेला.

गुन्हा शंभूवर नोंदला. निष्काळजीपणानं मरण घडवल्याचं कलम. डोळा लागला तो गुन्हेगार. डोळा मिटू दिला नाही त्याचं नाव कागदावर कुठंच नाही. रात्रपाळीचे कामगार घरी सोडून आलेला शंभू तसाच सकाळपाळीचे घेऊन निघायचा, आठवडाभर हेच चाललं होतं, असं बसमधल्या पोरींनी गिताबाईला सांगितलं होतं. उद्या यवतच्या ठाण्यात तिचा जबाब होता. त्यात ती बसमालकाचं नाव घेणार होती.

तो मालक, मांडवगण फराट्याचा सत्यजीत, समोरच बसला होता. रस्त्यावर त्याची गाडी एसीसकट चालूच होती. जामिनावर सुटलेला शंभू पायरीखाली मान घालून बसला होता.

"मावशी, डुलकी लागली त्याला. माणूसच हाय," सत्यजीत म्हणाला. "कोर्ट बघंल त्याचं. माझं नाव कशाला मधी? मी काय स्टेअरिंगवर होतो? सुनबाईला ऑफिसात चिकटवतो की."

"आन् ऑफिसला येऊ कशी?" पप्पूची बायको प्रतिभा म्हणाली. "त्याच बसनं?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं.

गावातल्या वडीलधाऱ्या रखमाजी आबांनी भंडाऱ्याचं ताट पुढं सरकवलं. "गिते, उचल. मालकाविरुद्ध तक्रार न्हाई म्हण, मिटलं."

भंडारा उचलून दिलेला शब्द गिताबाईच्या घरात कुणी मोडला नव्हता. हे सत्यजीतला कुणीतरी बरोबर पढवलं होतं.

"उचलते," गिताबाई म्हणाली. "आधी सांगा आबा. तुम्ही मेंढरांच्या वाड्याचे कारभारी होता. कोकणातनं मेंढरं परत आणताना घाटाखाली लांडगा शिरला. पहाऱ्यावरचा गडी झोपला होता ना?"

"झोपला होता."

"मग गेलेली कोकरं त्याच्याकडनं भरून घेतली?"

आबांनी ताटाकडं बघितलं. "न्हाई. दिवसभर मेंढरं हाकलेल्या माणसाला म्याच पहाऱ्याला बसवला होता. त्याला भाकर खायलाबी बसू दिलं न्हवतं. भरपाई म्या दिली. जो पहारा लावतो त्यानं भरायचं, वाड्याची रीतच ती."

"कोकराला ही रीत. माझ्या लेकाला का न्हाई?"

सत्यजीत हसला. "आबा, कोर्टात मेंढरांचा कायदा चालत न्हाई."

"मग तुमचा कुठला चालतो?" गिताबाई म्हणाली. "ड्रायव्हरनं किती तास चालवायचं, त्याचाबी कायदा हाय म्हणं. तो कुठं ठेवता तुम्ही, डिकीत?"

आबांनी ताट हळूच मागं ओढून घेतलं.

मग पायरीखालून शंभूचा आवाज आला. "म्या फोन केला होता मालकाला. डोळं मिटत्यात म्हणलं. म्हणले, चहा मार आन् नीघ, न्हाईतर चावी ठेवून घरी जा."

"शंभ्या, वकील काय म्हणलाय?" सत्यजीत उठला. "कुत्रं आडवं आलं म्हणायचं. झोप येतीय हे ठाऊक असून चालवली म्हणलास, तर तुझंच कलम वाढंल."

हे मात्र खरं होतं. गिताबाईनं ते वकिलाकडून ऐकलं होतं. ती शंभूपुढं जाऊन उभी राहिली.

"वाढंल. त्यात खोटं न्हाई. आन् मी तुला माफ करीन या आशेनं बोलू नगं. तू चावी ठेवली असतीस तर माझा पप्पू घरी असता."

"व्हय, काकू."

"तरी बोलशील? ठाण्यात, आन् दौंडच्या कोर्टात जजापुढं?"

शंभूनं रस्त्यावरच्या चालू गाडीकडं बघितलं. त्याचे डोळे अजून लालच होते.

"बोलतो."

"बघून घेईन," सत्यजीत म्हणाला. कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

"बघा की," गिताबाई म्हणाली. "कोर्टात तारखेला या. तिथं जवळनं दिसंल."

उद्याची वाट बघायचं तिनं सोडून दिलं. प्रतिभाला पिशवी आणायला सांगितली आणि ती फाट्याकडं निघाली. शंभू अंतर ठेवून मागं चालत होता.

एसटीत शंभूशेजारची जागा रिकामी होती. गिताबाई यवतपर्यंत उभीच राहिली.