पानी शे, पन...

धुळ्याच्या कॉलेजात भूगोलाच्या तोंडी परीक्षेला सरांनी पुनमचा पाणीटंचाईवरचा प्रकल्प तिच्यापुढे सरकवला. "तुझी अहिराणी मी शुद्ध करून दिलीय. तेवढं वाच."

पुनमने पान पाहिलं आणि तिचं डोकंच सणकलं. तिच्या गावच्या भिकुबाईअक्कांनी मुलाखतीत दिलेल्या उत्तराचं सरांनी करून टाकलं होतं, 'गावात पाणी आहे.'

प्रकल्प मिटून ती बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमकडे वळली. "मॅडम, अक्का म्हणाल्या होत्या, 'पानी शे, पन आमनं नही.' विहीर गावाची आहे, पण तिच्यावर मोटार एकाच घराची चालते."

"पुनम, मार्क जातील!" सर गुरकावले.

"जाऊ द्या. अक्कांचं पाणी तर गेलंच सर, आता त्यांचं बोलणं पण काढून घेता का?"