वाकटीचा श्रावण

श्रावण माणसांनी पाळला तर माझं काही म्हणणं नाही. पण मांजरानेही पाळायचा, असा आमच्या सासूबाईंचा हुकूम निघाला आणि तिथून सगळं सुरू झालं.

मांजराचं नाव वाकटी. सुक्या वाकटी माशासारखी लांब आणि बारीक, म्हणून. आमची जमीन विमानतळात गेली, गावातलं घर पाडलं आणि सामानाचा टेम्पो पनवेलच्या या नव्या बंगल्यावर आला, तेव्हा गाद्यांच्या ढिगावर बसून ही आपली आपण आली. गावच्या घरातलं माझं म्हणावं असं तेवढंच उरलं. गावाला श्रावणात घरात मासा शिजत नसे, पण वाकटी खाडीवर जाऊन पोट भरून यायची आणि तिच्या तोंडाचा वास घ्यायला कुणी जात नव्हतं. बंगल्याच्या खिडक्यांना जाळ्या, गेटला दोन कड्या. ती जाणार कुठे? सासूबाई, गोदूबाई त्यांचं नाव, आयुष्यभर मिठागरावर राबल्या, तेव्हा त्यांना सोवळं सुचलं नाही. पैसा आला तसं तेही आलं.

"आमचे घरान श्रावण हाय. तिला दूधभात घाल," त्या म्हणाल्या. मी घातला. वाकटीने दोन दिवस तोंड फिरवलं, मग भुकेपुढे नमली आणि खाऊ लागली.

आठवडाभरात तिचं पोट बिघडलं. पातळ व्हायला लागलं. मग ती सारखी मागे वळून शेपटीखाली चाटू लागली. मध्येच दचकून उठायची, कुणी चिमटा काढल्यासारखी. मी सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "जंत झालं," आणि मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी खोबरेलात हळद कालवून तिथे लावलीसुद्धा. वाकटीने ती चाटून काढली आणि दिवसभर पलंगाखालून बाहेर आली नाही.

त्यात आमच्याकडे सत्यनारायण. माझ्या नवऱ्याचे ट्रेलर चालतात. उरणजवळ द्रोणागिरीला एक मोठं गोडाऊन सांभाळायचं काम त्याला मिळण्याच्या बेतात होतं आणि ते ज्यांच्या हातात होतं ती माणसं तीर्थप्रसादाला आली होती. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. या गोष्टीत मात्र हरेशच म्हणणार, त्याची तेवढीच लायकी आहे.

कथा संपत आली होती. वाकटी हॉलमध्ये आली, बूड टेकून बसली, मागचे पाय वर घेतले आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत त्या पांढऱ्याशुभ्र लाद्यांवरून सरळ चौरंगापर्यंत गेली. मागे तपकिरी रेघ. पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. हरेशचा चेहरा असा झाला की ती रेघ जणू त्यानेच ओढली होती. मी फडकं घेऊन खाली बसले, तेव्हा मला दिसलं की रेघेत रक्त आहे. ते इतर कुणाला दिसलं नाही. कुणी बघायलाच तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला पिशवीत घालून मी टपाल नाक्याजवळ जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर दिपिका वयाने लहान, पण हात मऊ. त्यांनी शेपटी उचलून बघितली. एका बाजूला बोराएवढी लाल सूज होती.

"तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं का शेपटीजवळ? पिसवा?"

"नाही."

"मग जंत नसावेत. हे बघा, इथे दोन बाजूंना दोन बारीक पिशव्या असतात. शी घट्ट झाली की जाता जाता त्या दाबल्या जातात आणि आतला स्राव बाहेर पडतो. शी रोज पातळ असेल तर त्या रिकाम्याच होत नाहीत. आत साचतं, घट्ट होतं, मग पू धरतो. ती घाण करत नव्हती हो, तिला आग होत होती. काय खायला देता?"

"दूधभात. श्रावण लागल्यापासून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मांजराला कसला श्रावण? मोठ्या मांजराला दूध बहुतेक पचतच नाही. तिला मांस-मासेच लागतात."

हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण घरात मांजराची बाजू घेऊन सासूशी भांडणारी सून म्हणजे आधीच वेडी ठरलेली असते.

त्यांनी तिला गुंगी देऊन गळू फोडलं, धुतलं, औषध भरलं. गोळ्या लिहून दिल्या, कोमट पाण्याच्या घड्यांनी शेकायला सांगितलं, घरी स्वतः काही दाबायचं नाही म्हणून बजावलं. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं बांधलं. "जखम भरेपर्यंत हे राहू द्या. फक्त खाताना तुमच्या देखत काढा. यातून तिला नीट खाता येत नाही आणि बाजूचं दिसतही नाही. घराबाहेर अजिबात सोडू नका."

मी मांजराच्या खाण्याचं पाकीट विकत आणलं. सासूबाईंना वाचता येत नाही, पण पाकिटावर मासा काढलेला होता. पाकीट कचऱ्यात गेलं. मी दुसरं आणलं, गच्चीत पाण्याच्या टाकीमागे लपवलं आणि चोरासारखी वर जाऊन तिला भरवू लागले. वाकटी नरसाळं काढलं की आधी अंग झाडायची, मग खायची, मग माझ्या पायावर डोकं घासायची. सूज उतरली. शी घट्ट झाली. एका मांजराची शी बघून मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

राखीपौर्णिमेला मला माहेरी, चिरनेरला जायचं होतं. एका रात्रीचा प्रश्न. मी हरेशला गच्चीवर नेऊन सगळं दाखवलं, गोळी कशी द्यायची ते शिकवलं. "दोन वेळा द्याल ना?" "जा गो, बिनधास्त जा," तो म्हणाला. इतकं गोड बोलला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

परत आले तर गच्ची धुतलेली.

"वाकटी कुठाय?"

"गोडाऊनला सोडली," हरेश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "काम मिळालं आपल्याला. तिकडं उंदीर मायंदाळ हायत. मजा करील. ती पार्टनर लोकं परत येनार हायत घरी. मला परत तमाशा नको."

"गळ्यातलं काढलंत?"

"काय?"

"गळ्यातलं नरसाळं. काढलंत का?"

"त्याला कोन हात लावील? चावली असती तर?"

मी पर्स उचलली आणि उरणची एसटी धरली. वाटभर एकच विचार. उंदीर राहू दे, तिला साधं डबक्यातलं पाणीही पिता येणार नाही. नरसाळ्याची कड आधी जमिनीला लागेल.

गोडाऊनच्या गेटवर काशिराम नावाचे म्हातारे वॉचमन होते. मी काय विचारणार ते त्यांना माझ्या तोंडावरूनच समजलं असावं.

"ती डोक्याला डबा लावलेली मांजर? तुमची व्हती?" ते उठून उभे राहिले. "सकालीच गेली वो ताई. कुत्री हायत ना इकडं, कंटेनरच्या पाठी. मी काठी घेऊन धावलो, पन टायमावर नाय पोचलो. मांजर कुत्र्याला गावत नाय सहसा. पन ती बाजूनं आली नि हिला दिसलीच नाय."

कंपाउंडच्या भिंतीशी त्यांनी तिला पुरलं होतं. मी तिथे उभी राहिले. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. हरेशचा, सासूबाईंचा, पहिल्या दिवशी दूधभात कालवणाऱ्या माझ्या हाताचाही. औषधाने बरी होत आलेली होती ती. चार दिवसांचा प्रश्न होता.

घरी पोचले तेव्हा सोमवारचा उपास सुटायचा होता. हरेश घरात नव्हता. मी सासूबाईंना सांगितलं. सगळं सांगितलं, कुत्र्यांचं, नरसाळ्याचं. मला त्यांच्या तोंडावर काहीतरी बघायचं होतं, निदान एकदा तरी मान खाली गेलेली.

त्यांनी देवाकडे बघून हात जोडले.

"श्रावणी सोमवारी गेली गो," त्या म्हणाल्या. "नि पोटान मासा नव्हता. पुन्यवान व्हती मांजर."

आणि त्यांनी माझं ताट वाढलं.